बिल्ल्याची पांढरी बाजू

१९ फेब्रुवारी, दुपार

धाकट्या,

बुटांच्या एका जोडाची खरी किंमत मांडतो. तळाला दोन पदरी चामडं, जुन्या साठ्यातलं, आता तसं मिळत नाही. शिलाईचे तीन दिवस. एकदा आरी डाव्या अंगठ्यात घुसली, बोट अजून ठणकतंय. तुझ्या वहिनीचे टोमणे, ते मोजलेले नाहीत. आणि हे पत्र. एकोणीस वर्षं जे लिहायचं टाळलं ते या जोडापायी लिहायला बसलोय, म्हणजे जोड महागातच पडला. गिऱ्हाइकाला मात्र भिंतीवर लावलेलीच किंमत सांगितली, तर तिने त्यातही घासाघीस केली.

गिऱ्हाईक म्हणजे तुझी मुलगी.

दचकू नकोस. मुंगी ठणठणीत आहे. आठ दिवसांपूर्वी आली. मी नेहमीसारखा दाराकडे पाठ करून मशीनवर होतो. तुला माहीत आहे, या दुकानात मला मागे वळून बघावं लागत नाही. बाहेरच्या सात लाकडी पायऱ्यांवर पाऊल वाजलं की माणूस सांगतो, त्याचं वजन सांगतो, कर्ज किती हेही जवळपास सांगतो. तर पाऊल वाजलं, आधी टाच, मग जरा थांबून चवडा, आणि मी मागे न बघता म्हटलं, "आमच्या घरातलं कोण आलंय?"

पाऊल उंबऱ्यातच अडलं. मग, "मोठे काका, तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या बापाचं चालणं आहे ते. बस."

पाच वर्षांची होती तेव्हा पाहिलेली. आता तुझं नाक आणि तिच्या आईची जीभ. पाठीवर स्वतःच्या वजनाएवढी पिशवी. तू नाव बरोबर ठेवलं होतंस.

तिला डोंगराच्या सोंडेवरून शिखरापर्यंत जायचंय. फेब्रुवारी संपताना. मी म्हटलं, उन्हाळ्यात जा, फुलं बघ, फोटो काढ. म्हणाली, "उन्हाळ्यात सगळेच जातात."

"म्हणूनच सगळे परत येतात."

हसली नाही. तूही अशा वेळी हसायचा नाहीस.

का जायचंय ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. ज्या सोंडेवर तिच्या बापाच्या पायांची पाच बोटं राहिली ती सोंड तिला बघायची आहे. तुला कळवू नका म्हणाली. मी हो म्हटलं आणि कळवतोय. माझ्या होकाराची किंमत तुला नव्याने सांगायला नको.

दमलोय रे. एकसष्ट म्हणजे काही वय नाही असं लोक म्हणतात, पण ते वाकून चामडं शिवत नाहीत.

दादा


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "तिला जाऊ देऊ नकोस." चार शब्द. एकोणीस वर्षांत चार, म्हणजे पावणेपाच वर्षांना एक शब्द पडला. तुझ्या वहिनीने कार्ड उलटंपालटं करून बघितलं, मागे आणखी काही आहे का म्हणून.

अडवायचा विचार मी केला होता. पण चोवीस वर्षांच्या बाईला अडवायचं कोणी? मी अडवलं तर ती समोरच्या नव्या दुकानात जाईल. तिथे बुटाखाली बांधायचे खिळ्यांचे सांगाडे भाड्याने देतात आणि ते बुटाला बसतात की नाही हे बघतसुद्धा नाहीत. वर कोण गेलंय, कोण परत आलंय हे दाखवणारा बिल्ल्यांचा फळाही तिथे नाही. माझ्याकडे निदान फळा आहे.

म्हणून मी तिला तयार करतोय. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मागच्या उतारावर नेतो. तिथे बर्फ अजून काचेसारखा कडक आहे. मी बसतो खुर्चीवर, ब्लँकेट घेऊन, आणि ती पडते. पाठीवर पडायचं, घसरायचं, घसरतानाच पोटावर वळायचं, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीचं टोक छातीशी धरून अंगाचं सगळं वजन त्यावर टाकायचं. पहिल्या दिवशी खालच्या कुंपणापर्यंत गेली. अकरा वेळा. उतरून बघतो तर कोपरं सोललेली. म्हटलं, "आज पुरे."

"कुंपणाच्या आधी थांबले का?"

"नाही."

"मग पुरे कसं?"

काल दोन वावांत, दहा-बारा फुटांत थांबली. उठून माझ्याकडे बघितलं, शाबासकीसाठी. मी म्हटलं, उद्या पिशवी पाठीवर घेऊन पड.

फोनवरून भांडण झालं. नकाशा त्यातच आहे म्हणे. मी फोन घेतला आणि बर्फाच्या ढिगावर ठेवून दिला, जसा वाऱ्यात खिशात राहील तसा. चहा झाला, अर्धा तास झाला. आणून दिला तर पडदा काळा. "काका, हा तर मेला!" म्हटलं, इथे मेला ते बरं झालं. आता तिच्याकडे कागदाचा नकाशा आहे, होकायंत्र आहे, आणि डोक्याच्या दिव्याची जादा बॅटरी अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात आहे. हातमोजे दोन जोड, एक दोरीने गळ्यात अडकवलेला. तुझा मोजा वाऱ्याने नेला होता, ते मी विसरलेलो नाही.

तिच्या सोबतीला तिची मैत्रीण आहे, शाळेत गणित शिकवते. दुकानात मी कान बंद ठेवत नाही, ते माझ्या धंद्याचं भांडवल. परवा त्या गणिताच्या बाई कोपऱ्यात मुंगीला सांगत होत्या, "सहा तास वर, तीन तास खाली. पहाटे पाचला निघालो तर दोनला परत. हिशोब सरळ आहे."

मी मशीनवरूनच म्हटलं, "बाई, डोंगराला त्रैराशिक येत नाही."

बाई लाजल्या. पण मुंगीने वही काढली आणि मला विचारलं, मग हिशोब कसा मांडायचा? मी सांगितलं. हिवाळ्याच्या अखेरीला डोंगर सगळ्यात लबाड असतो. खाली अंगणात ऊन पडतं, माणसाला वाटतं सरला हिवाळा. वर मात्र तो पुरता बसलेला असतो. सकाळी बर्फ दगडासारखा, दुपारी उन्हाने भुसभुशीत, मांडीपर्यंत पाय जातो, आणि उतारच्या उतार सुटून खाली येतो. सोंडेच्या कडेला वाऱ्याने बर्फाची पडवी बाहेर काढलेली असते. वरून जमीन वाटते, खाली हवा असते. म्हणून कडेपासून लांब चालायचं. आणि वेळ ठरवून जायची, जागा ठरवून नाही. साडेअकरा वाजले की जिथे असाल तिथून मागे. शिखर दहा पावलांवर असलं तरी.

तिने सगळं लिहून घेतलं. मग पेन बंद करून म्हणाली, "काका, बाबा म्हणतात त्यांनी बिल्ला फिरवला होता."

मी म्हटलं, "फार वर्षं झाली गं."

बघ, मी किती छान बोलतो.

दादा


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

हवामान खातं म्हणतं, परवाचा दिवस स्वच्छ, संध्याकाळी वारा. मी पथकप्रमुख बाईंनाही विचारलं. हल्ली शोधपथकाच्या प्रमुख एक बाई आहेत, कमी बोलतात, मला आवडतात. म्हणाल्या, "सकाळी जाऊ देत. दुपारनंतर मला सोंडेवर कोणी नको." मुंगीचं जायचं ठरलं, एक मार्चला. पाचला निघायचं, तीनपर्यंत पायऱ्यांवर हजर.

तुला एक सांगायचं राहिलंय. पत्र सुरू करून दोनदा फाडलं. तुझ्या वहिनीने टोपलीतले तुकडे बघून विचारलं, "पत्र लिहिताय की कबुलीजबाब?" तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. एकोणीस वर्षं एका ताटात जेवून न बोलणं म्हणजे काय असतं ते मी जाणतो.

तू तुझा जुना जोड नवा तळ लावायला माझ्याकडे टाकला होतास. तू वर गेलास त्याच दिवशी सकाळी मी तो विकला. एक भूमापक आला होता, घाईत, पाय तुझ्याच मापाचा. मला वाटलं, धाकट्याला दुसरा करून देऊ. नवं दुकान होतं, हाताला आलेलं गिऱ्हाईक सोडायची हिंमत नव्हती.

एवढंच आज.

दादा


१ मार्च, दुपारचे अडीच

धाकट्या,

दुकानात बसून लिहितोय. मशीन चालवली तर सुई मोडेल, म्हणून पेन घेतलं.

पाचला गेल्या. मी स्वतः उठून दुकान उघडलं. मुंगीने सात नंबरचा बिल्ला फिरवला, पांढऱ्यावरून लालवर. गणिताच्या बाईंनी आठ. तुला आठवतो ना फळा? तोच आहे. पत्र्याचे बिल्ले, एक बाजू पांढरी, एक लाल. जाताना लाल, आल्यावर पांढरा, आणि ज्याचा त्याने फिरवायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा नियम माझाच. गावभर सांगत फिरलो होतो त्या वर्षी, आपल्या दुकानाचा फळा असेपर्यंत डोंगरावर माणूस हरवणार नाही म्हणून.

तीन वाजले. नाहीत.

सव्वातीन. नाहीत. वारा सुटलाय, खिडकीचं झाकण वाजतंय. संध्याकाळी म्हणाले होते, तो आत्ताच सुटला.

तीन वीस. धाकट्या, आत्ता काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, नाहीतर नंतर धीर होणार नाही. मी फळ्याजवळ उभा होतो, दाराकडे पाठ. पायऱ्यांवर पाऊल वाजलं. नाल लावलेली टाच, जड, दमलेली. मुंगीच्या बुटांना मीच नाल मारलीय, तो आवाज माझ्या हातचा आहे. जीव भांड्यात पडला. माझा हात उठला, बोटं सात नंबरच्या बिल्ल्यावर गेली. थंड पत्रा लागला आणि मी वळलो.

वनरक्षक होता. त्याच्याही बुटांना गेल्या महिन्यात मीच नाल मारली. त्याला वंगणाची डबी हवी होती. मी दिली. पैसे घ्यायचे राहिले, तोही चकित झाला असेल.

बिल्ला लालच आहे. मी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलोय.

आता ऐक. त्या दिवशीही असंच झालं. तू सकाळी आलास, बिल्ला लाल केलास. मी पाहिलं होतं, माझ्या डोळ्यांनी. दुपारी मी कामात होतो, फळा हाताच्या अंतरावर. पायऱ्यांवर तुझं पाऊल वाजलं. तुझी नाल, तुझा तळ. मला शंकाच आली नाही. मागे न बघता हात लांब केला आणि तुझा बिल्ला पांढरा केला. म्हटलं, "आलास का रे?" उत्तर आलं, "नाडी मिळेल का?" तो भूमापक होता. तुझ्या बुटांत.

मी त्याला नाड्या दिल्या, दोन बोललो, तो गेला. बिल्ला परत लाल करायला हवा होता. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. मग तिसरं. आणि मग मी विसरलो. इतकीच गोष्ट आहे. ती आणखी मोठी असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी फळा सगळा पांढरा. मी कुलूप घालून घरी गेलो. मुंगीला घेऊन तिची आई माहेरी, तुझ्या खोलीत तू आलास की नाही बघणारं कोणी नव्हतं. सकाळी दहाला कळलं, तू उतरलाच नाहीस. तुला आणलं तेव्हा तू ओठ न हलवता म्हणालास, "मी बिल्ला फिरवला होता." जुन्या पथकप्रमुखाने माझ्याकडे बघितलं. सगळ्या गावाने बघितलं. आणि मी म्हणालो, "फळ्यावर तर पांढराच होता."

खोटं एक अक्षर बोललो नाही. किती हुशार माणूस.

त्यांनी पथकाच्या नोंदवहीत लिहिलं, बिल्ला न फिरवता गेला, निष्काळजीपणा. त्या ओळीवर तुझा वाटाड्याचा परवाना गेला. बोटं बर्फाने नेली, ते माझ्याच्याने थांबलं असतं की नाही माहीत नाही. पण नाव मी नेलं. दुकान दोन वर्षांचं होतं. फुटपाथवर गोणपाट टाकून बसायचो तिथून इथवर आलो होतो. मालकानेच बिल्ला फिरवला हे कळलं असतं तर फळ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता, असं मी स्वतःला सांगितलं. फळ्याचं नाव, माझं नाव. तुझं सोडून सगळ्यांच्या नावाचा विचार केला.

चार वाजले. पथकाला फोन केला. बाई म्हणाल्या, "काका, एक तासच झालाय. दमून कुठेतरी बसल्या असतील."

"एक तास झालाय म्हणूनच फोन केला. ठरलेली वेळ तीन. त्या सोंडेवर गेल्यात आणि वारा सुटलाय."

म्हणाल्या, "आम्ही निघतो."

तुला कळवायचं कसं? तुझ्याकडे फोन आहे म्हणे, नंबर माझ्याकडे नाही. तुझी मुलगी डोंगरावर आणि मी तुला पत्र लिहितोय.

पावणेसहा. आल्या. दोघी आल्या.

पथक त्यांना झाडी सुरू होते तिथे भेटलं. मुंगी साडेअकराला मागे फिरली होती, सोंडेवर पाऊल टाकायच्या आधीच. गणिताच्या बाई म्हणाल्या होत्या, अर्धा तास जास्त घेऊ. मुंगीने घड्याळ दाखवलं. उतरताना बाईंचा पाय भुसभुशीत बर्फात मांडीपर्यंत गेला आणि गुडघा पिरगळला. मुंगीने गुडघा बांधला, दोन काठ्या दिल्या आणि एकेक पाऊल आणलं. पथक भेटलं नसतं तर अंधारात, वाऱ्यात अजून चार तास. बाई पथकाच्या गाडीत डोळे मिटून म्हणत होत्या, "त्रैराशिक येत नाही, त्रैराशिक येत नाही."

मुंगी पायऱ्या चढून आली. मी दारातच उभा होतो. फळ्याशी गेली, सात पांढरा केला, आठही करायला हात नेला आणि थांबली. "त्या येतील करायला," म्हणाली.

मी तिला तिथेच सांगितलं. सगळं, वर लिहिलंय तसं. ती नाड्या सोडत बसली होती. एक बूट काढला, दुसरा काढला. मला वाटलं फेकून मारते. मारला असता तर चाललं असतं, चांगला जड बूट आहे.

म्हणाली, "हे मला नका सांगू. बाबांना सांगा. आणि त्या वहीला."

दादा


३ मार्च

धाकट्या,

आज पथकाच्या कचेरीत गेलो. जुन्या वह्या माळ्यावर होत्या, बाईंनी शिडी लावून काढून दिली. तुझी ओळ सापडली. खाली लिहिलं: बिल्ला फिरवला होता. दुकानदाराने चुकून पांढरा केला आणि लपवलं. सही, तारीख. बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "फळा काढणार?"

मी म्हटलं, "फळा राहील. मशीन हलवतो." आज मशीन फिरवून दाराकडे तोंड केलं. उजेड डोळ्यावर येतो, टाका नीट दिसत नाही. सवय होईल.

वहीच्या पानाची नक्कल सोबत आहे. परवान्याचं काय करता येईल ते बाई बघतायत. तू त्या सोंडेवर आता जाणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी कागद असावा.

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होतो. बघतोय.

दादा


१६ मार्च

धाकट्या,

काल तू आलास. पाऊण तास बसलास. वहिनीने केलेला चहा दोनदा घेतलास, तिच्याशी बोललास, माझ्याशी कमी. बरोबर आहे. जाताना म्हणालास, "वही बघितली. अक्षर तुझंच आहे." आणि मी मोजे काढायला सांगितले तर काढलेस. मी मापं घेतली. डावीकडे तीन बोटं नाहीत, उजवीकडे दोन, तिथे मी टेप दोनदा धरली, तू भिंतीकडे बघत होतास. नवा साचा कोरायला घेतलाय. पुढे लोकरीचं भरण घालीन, आत रुतणार नाही. किंमत भिंतीवर लावलेली, घासाघीस चालेल.

एक मात्र राहून गेलं, तेच लिहायला बसलो. मशीन आता दाराकडे आहे, पण काल दुपारचं ऊन नको म्हणून मी खुर्ची फिरवून पाठ केली होती. जुनी खोड. तू पायऱ्या चढून आत आलास आणि मी न वळता म्हटलं, "टपाल काउंटरवर ठेवा, पोस्टमनदादा."

तू हसलास. विचारलंस, "दादा, पाऊल ओळखलं नाहीस?" मी म्हटलं, "ओळखलं रे, थट्टा केली."

थट्टा नव्हती. तुझं पाऊल आता वेगळं वाजतं. मला वाटलं, पोस्टमनच आलाय.

दादा